तीस हजारांत माउंटन बाइक: सारख्या किमतीच्या दोन सायकलींतून एक कशी निवडायची

पंचवीस ते पस्तीस हजारांच्या टप्प्यात कुठलीच कंपनी सायकलचे सगळे भाग चांगले देऊ शकत नाही. फ्रेमवर पैसे घातले तर चिमट्यावर (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कवर) वाचवावे लागतात, ब्रेक चांगले दिले तर टायर आणि सीट साधी येते. म्हणून एकाच किमतीच्या दोन सायकली समोर असताना कंपनीने पैसे नेमके कुठे वाचवलेत ते आधी शोधायचं, आणि ती उणीव नंतर थोड्या खर्चात भरून काढता येईल का ते बघायचं. सीट, पायडल, ग्रिप, टायर, ब्रेकचे पॅड हे झिजणारे भाग. ते आज ना उद्या बदलावे लागणारच. फ्रेमचं माप, हेडट्यूबचा (चिमट्याची दांडी जिच्यातून वर जाते त्या नळीचा) व्यास, मागच्या हबची (चाकाच्या मधल्या भागाची) जात आणि एक्सलची (चाकाच्या आसाची) पद्धत मात्र सायकलसोबत कायमची घरी येते.

बोलणं हवेत राहू नये म्हणून या किमतीत हमखास दिसणाऱ्या दोन जातींच्या सायकली समोर धरू.

पहिली: साडेसत्तावीस इंची चाकं, पुढे तीन चकत्या (४२-३४-२४ दात), मागे सात दातचक्रांचं फ्रीव्हील (१४ ते २८), म्हणजे २१ गिअर. वायरवर चालणारे डिस्क ब्रेक, लॉकआउट (चिमटा दबू नये म्हणूनचा खटका) असलेला, १०० मिमी दबणारा स्प्रिंगचा चिमटा, सरळ हेडट्यूब, ६८० मिमी हँडल. टायर, सीट आणि पायडल बऱ्यापैकी.

दुसरी: एकोणतीस इंची चाकं, पुढे ३२ दातांची एकच चकती, मागे नऊ दातचक्रांची कॅसेट (११ ते ४२). हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेक, चिमटा तसाच स्प्रिंगचा आणि अगदी साधा, हेडट्यूब खाली रुंद होत गेलेली, ७४० मिमी हँडल. टायर फारसे नाव नसलेले, पायडल प्लॅस्टिकचे, सीट दगडासारखी.

दुकानात पहिली जास्त डोळ्यात भरते.

आधी रस्ता ठरवा

‘ऑफरोड’ हा शब्द बाजूला ठेवून पुढच्या वर्षभरात सायकल खरोखर कुठे जाणार आहे ते कागदावर लिहा. पुण्यात तळजाई किंवा वेताळ टेकडीवर मुरूम, सुटी खडी आणि मधूनच वर आलेला काळा कातळ असतो. तिथे ब्रेक आणि टायरचा खरा कस लागतो. मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे पांदणीच्या वाटा सपाट असतात, पण पहिला पाऊस पडला की काळी माती चाकाला लिंपते आणि चाक फिरायचंच थांबतं. कोकणात जांभ्याची लाल वाट, शेवाळ आणि खारी हवा. सिंहगड किंवा ताम्हिणीसारख्या डांबरी घाटात चढाला हलका गिअर आणि उताराला भरवशाचा ब्रेक, एवढं असलं तरी निभावतं.

रोज डांबरी रस्त्याने कामाला जायचं आणि टेकडी महिन्यातून एकदा, असं असेल तर यातली कुठलीच घेऊ नका. त्याच पैशात साधा न दबणारा चिमटा आणि ४० मिमीच्या आसपासचे टायर असलेली हायब्रिड घ्या. ती दोन-अडीच किलो हलकी मिळेल, आणि त्या किमतीत तिचे बाकीचे भाग वरच्या दर्जाचे असतील.

सायकलची माहितीपुस्तिका दुकानातच मागून वाचा. त्यात बहुधा वापराचा वर्ग दिलेला असतो. वर्ग १ म्हणजे पक्का रस्ता. वर्ग २ म्हणजे कच्चा पण सपाट रस्ता आणि जेमतेम १५ सेंटिमीटरची उडी. वर्ग ३ म्हणजे खडबडीत पायवाट आणि साधारण ६० सेंटिमीटरपर्यंतची उडी. जाडजूड टायर लावून माउंटन बाइक म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक सायकली वर्ग २ च्या असतात. दोन्हींपैकी एकच वर्ग ३ ची असेल आणि तुम्हाला टेकडीवर जायचं असेल, तर निवड इथेच संपली.

माप चुकलं तर बाकी सगळं फुकट

मोठ्या सवलतीत मिळणारी सायकल अनेकदा न खपलेल्या मापाची असते. आपल्या उंचीला मधलं माप हवं असताना ‘सीट खाली करून देतो’ म्हणत मोठी गळ्यात मारली जाते. सीट खाली होते, पण हँडलपर्यंतचं अंतर कमी होत नाही, आणि महिनाभरात मान नि मनगटं दुखायला लागतात.

ढोबळ हिशेब असा: १५५ ते १६५ सेंटिमीटर उंचीला लहान माप, १६५ ते १७८ ला मध्यम, त्यावर १८८ पर्यंत मोठं. पण प्रत्येक कंपनीचं ‘मध्यम’ वेगळं असतं, तेव्हा घरी एक मोजमाप करून जा. अनवाणी पायांनी भिंतीला पाठ लावून उभं राहा, पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक सीटसारखं घट्ट वर दाबून धरा, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत अंतर घ्या. या आकड्याला ०.८८३ ने गुणलं की क्रँकच्या (पायडलच्या दांड्यांच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. पायांची लांबी ७८ सेंटिमीटर असेल तर सीट साधारण ६९ वर येईल. सीट तिथे लावूनच सायकल तपासा. सीटच्या दांड्यावरची किमान खोलीची रेघ बाहेर दिसत असेल तर फ्रेम लहान आहे. दोन्ही पाय जमिनीवर टेकून वरच्या नळीवर उभं राहिल्यावर मध्ये किमान पाच सेंटिमीटर मोकळी जागा हवी.

दोन्ही सायकलींच्या मापांच्या तक्त्यात ‘रीच’चा आकडा बघा. उभं राहून चालवताना सायकल किती लांब वाटेल ते तो सांगतो. एकाच मापात दोन कंपन्यांत २० मिमीचा फरक सहज निघतो आणि तो अंगाला जाणवतो. हेडट्यूबचा कोन ७१ अंशांच्या आसपास असेल तर सायकल रस्त्यावर चपळ वाटते, पण तीव्र उतारावर बिचकते. ६७-६८ अंशांची उतारावर शांत राहते.

मागचं चाक: या किमतीतला सगळ्यात मोठा फरक

दुकानात यावर कुणी बोलत नाही. मागची दातचक्रं चाकाला दोन पद्धतींनी बसवतात. जुन्या पद्धतीत फ्रीव्हीलचा अख्खा गड्डा हबवर आट्यांनी फिरवून घट्ट बसतो, आणि कटकट करणारी यंत्रणा त्या गड्ड्यातच असते. नव्या पद्धतीत ती यंत्रणा हबचाच भाग असते. तिला फ्रीहब म्हणतात आणि तिच्यावर दातचक्रांची कॅसेट सरकवून बसवतात.

फरक एक्सलच्या आधाराचा आहे. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे दातचक्रांच्या आतल्या बाजूला, मध्याकडे असतात. तिथून फ्रेमपर्यंतचा एक्सलचा लांब तुकडा अधांतरी राहतो. खड्ड्यात चाक आपटलं की सगळा भार त्या तुकड्यावर येतो. सत्तर-पंचाहत्तर किलोंचा माणूस टेकडीवर नियमित चालवत असेल तर असा एक्सल वाकणं आणि शेवटी तुटणं ठरलेलं. फ्रीहबमध्ये उजवीकडचे छर्रे अगदी बाहेरच्या टोकाला असतात, त्यामुळे एक्सलला आधार मिळतो.

ओळखायचं कसं? सगळ्यात लहान दातचक्राचे दात मोजा. १४ असतील तर बहुधा फ्रीव्हील, ११ असतील तर बहुधा कॅसेट. मग मध्यभागी बघा. कॅसेटला लहान दातचक्राच्या बाहेर एक वेगळी लॉकरिंग दिसते, तिच्यावर फिरवण्याची दिशा कोरलेली असते. फ्रीव्हीलला अशी रिंग नसते. तिसरी खूण: चाक उचलून पायडल मागे फिरवा. फ्रीव्हीलचा गड्डा थोडा डुगडुगताना दिसतो.

फ्रीव्हीलवरून कॅसेटवर जायचं तर हब बदलून चाक नव्याने विणावं लागतं किंवा अख्खं चाक घ्यावं लागतं, आणि कॅसेट आठ किंवा नऊ चक्रांची घेतली तर शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका), चेन यांचाही खर्च वाढतो. ही उणीव थोडक्यात भरून निघत नाही. म्हणून खडबडीत वाटेवर चालवणाऱ्याने दोन सारख्या सायकलींत कॅसेटवालीकडे झुकावं, तिचा रंग आवडला नाही तरी.

तिथेच वाकून अजून एक गोष्ट बघा. मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारी यंत्रणा) ज्याला लटकतो तो हँगर सुटा आहे का? एक-दोन लहान स्क्रूंनी फ्रेमला जोडलेला अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा हवा. सायकल उजव्या बाजूला पडली की तो वाकतो, आणि तो वाकावा म्हणूनच मऊ असतो. तो फ्रेमचाच भाग असेल तर वाकल्यावर सरळ करताना फ्रेमच तुटायची भीती. डिरेलर एका पत्र्याच्या पट्टीवर बसवून ती पट्टी एक्सलखाली दाबलेली असेल, तर ती फ्रेम या कामासाठी बनवलेली नाही असं समजा.

एकवीस गिअर विरुद्ध नऊ

गिअरची संख्या विसरा. पायडलच्या एका पूर्ण फेरीत सायकल किती मीटर पुढे जाते, ते काढा. पुढच्या चकतीचे दात भागिले मागच्या चक्राचे दात, गुणिले चाकाचा परीघ. साडेसत्तावीस इंची चाकाला २.१ इंची टायर असेल तर परीघ साधारण २.१५ मीटर, एकोणतीस इंचीला २.२ चा टायर असेल तर साधारण २.३० मीटर.

पहिलीचा सर्वांत हलका गिअर: २४ भागिले २८ म्हणजे ०.८६, गुणिले २.१५, म्हणजे १.८४ मीटर.
दुसरीचा: ३२ भागिले ४२ म्हणजे ०.७६, गुणिले २.३०, म्हणजे १.७५ मीटर.

नऊ गिअरवाली सायकल एकवीसवालीपेक्षा चढाला हलकी आहे. आता जड टोक बघू. पहिलीचं ४२ भागिले १४, म्हणजे ३, म्हणजे ६.४५ मीटर. दुसरीचं ३२ भागिले ११, म्हणजे २.९१, म्हणजे ६.६९ मीटर. मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या तर पहिली ३१ किलोमीटरच्या वेगाने जाते, दुसरी ३२ च्या. म्हणजे दोन्ही टोकांना दुसरीच पुढे. पहिलीच्या २१ पैकी बरेच गिअर एकमेकांची नक्कल असतात, आणि मोठी चकती-मोठं चक्र किंवा लहान-लहान अशा जोड्या चेन तिरकी होते म्हणून वापरायच्याच नसतात.

नुसत्या दातांच्या भागाकारात ११ टक्क्यांचा फरक दिसतो, परीघ धरल्यावर तो ५ टक्क्यांवर येतो. मोठं चाक चढावरचा फायदा खातं. त्यामुळे वेगवेगळ्या आकाराच्या चाकांची तुलना करताना परीघ धरायलाच हवा.

घाटात नवशिक्याला १.८४ मीटर जडच जाईल. पहिली घ्यायची ठरली तर १४-२८ चं फ्रीव्हील काढून १४-३४ चं बसवता येतं. तेव्हा २४ भागिले ३४, म्हणजे ०.७१ आणि १.५२ मीटर. हा फरक मोठा आहे आणि काम स्वस्तातलं आहे. फक्त मागचा डिरेलर लांब पिंजऱ्याचा (चेन ताणून धरणारा त्याचा खालचा भाग लांब असलेला) आणि ३४ दात झेपणारा आहे का ते त्याच्या नंबरवरून पाहून घ्या, आणि चेन पुरेशी लांब आहे का ते तपासा. आखूड चेन मोठ्या-मोठ्या जोडीवर ताणली गेली तर डिरेलर उपटून स्पोकमध्ये जातो.

दुसरीची पुढची चकती ३० दातांची केली तर १.६४ मीटर मिळतात. पण चकती बोल्टांनी बसवलेली हवी. रिव्हेट ठोकलेली असेल तर क्रँकसकट बदलावी लागते. एका चकतीचा मोठा गुण साधेपणाचा. पुढचा डिरेलर, त्याची वायर, त्याचा शिफ्टर नाही, म्हणजे चिखल अडकायच्या जागा कमी. मात्र उड्यांमध्ये चेन उतरू नये म्हणून चकतीचे दात एक जाड एक बारीक असे हवेत, आणि मागच्या डिरेलरला क्लच (पिंजरा झुलू न देणारी यंत्रणा) असेल तर उत्तम. पिंजरा बोटाने पुढे ढकला. स्पष्ट विरोध जाणवला तर क्लच आहे.

गिअरचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीची उतरंड, साध्यापासून वरच्या दर्जाकडे, पाठ असलेली बरी: टर्नी, आल्टस, असेरा, अलिव्हिओ, देओरे, मग एसएलएक्स, एक्सटी, एक्सटीआर. दुकानदार मागच्या डिरेलरवरचं नाव दाखवतात, कारण तो दिसतो. कंपन्या तेवढाच एक वरचा देऊन शिफ्टर, हब आणि क्रँक खालच्या दर्जाचे घालतात. गिअर नेमका पडणं डिरेलरइतकंच शिफ्टरवर अवलंबून असतं, तेव्हा तोही वाचा.

ब्रेक

वायरचा डिस्क ब्रेक वाईट नसतो, पण तो मालकाकडून काम मागतो. स्वस्त प्रकारात एकच पॅड हलतो. तो डिस्क वाकवून दुसऱ्या पॅडवर दाबतो. पॅड झिजत गेले की लिव्हर हँडलकडे येत राहतं आणि दर काही दिवसांनी हाताने जुळवून घ्यावं लागतं. पावसाळ्यात वायरच्या कव्हरमध्ये चिखलाचं पाणी शिरतं आणि लिव्हर जड होतं. उलट वायर कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळते आणि कुठलाही मिस्त्री ती दहा मिनिटांत बदलून देतो.

हायड्रॉलिकमध्ये पॅडची झीज आपोआप भरून निघते आणि एका बोटाने सायकल थांबते. लांब उतारावर बोटं आखडत नाहीत, हा त्याचा खरा फायदा. तोटा सर्व्हिसिंगचा. शिमानो आणि टेक्ट्रोच्या ब्रेकमध्ये खनिज तेल असतं, काही इतर कंपन्यांत डॉट द्रव (मोटारींच्या ब्रेकमधला). एकाच्या जागी दुसरं भरलं की आतली रबरं फुगून ब्रेक कामातून जातो. जवळपास हवा काढून तेल भरणारा माहीतगार मिस्त्री आहे का, ते सायकल घेण्याआधी विचारा.

दुकानात तपासायचं असं: लिव्हर घट्ट दाबून ३० सेकंद तसंच धरा. ते हळूहळू हँडलकडे सरकत गेलं तर कुठेतरी गळती आहे. दाबल्यावर स्पंजासारखं वाटलं तर आत हवा आहे. आणि हो, पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे हे चालवण्याआधी बघाच. आपल्याकडे बहुधा उजवीकडे असतो, मोटरसायकलसारखा, पण परदेशी जुळणीच्या सायकलींत उलटही सापडतो.

घरी आणल्यावर नवे पॅड रुळवून घ्या: २० च्या वेगात जाऊन ब्रेक दाबत चालण्याच्या वेगावर यायचं, पूर्ण थांबायचं नाही, असं वीसेक वेळा. डिस्कला तेलकट बोट लावू नका. चेनवर स्प्रेचं तेल मारताना ते डिस्कवर उडालं तर पॅड करकरतात आणि पकड जाते. चाक काढलेलं असताना हायड्रॉलिकचं लिव्हर चुकूनही दाबू नका. पॅड एकमेकांना चिकटतात. मध्ये जाड पुठ्ठा घालून ठेवा.

चिमटा

या किमतीतला स्प्रिंगचा चिमटा अडीच किलोंच्या आसपास वजनाचा असतो आणि त्याची स्प्रिंग एका ठरावीक वजनासाठी बसवलेली असते. ५५ किलोंच्या माणसाला तो दगडासारखा लागतो, ९० किलोंच्या माणसाखाली तो पहिल्याच खड्ड्यात तळाला आपटतो. वरचं प्रीलोडचं बटण फिरवून स्प्रिंग कडक होत नाही, फक्त सुरुवातीची उंची बदलते.

तपासणी सोपी आहे. चिमट्याच्या चकचकीत नळीला रबराची बारीक रिंग किंवा झिपटाय बांधा. सायकलवर अलगद बसा, हँडलवर नेहमीसारखा भार द्या, अलगद उतरा. १०० मिमीच्या चिमट्यात रिंग २० ते २५ मिमी सरकलेली हवी. १० च्या आत असेल तर तो चिमटा तुमच्यासाठी नुसतं ओझं आहे. मग पुढचा ब्रेक धरून हँडल जोरात दाबा आणि सोडा. चेंडूसारखा उसळून वर आला तर परतीच्या वेगावर काहीच लगाम नाही, खडीवर पुढचं चाक उडत राहील.

‘चिमटा नंतर बदलू’ या हिशेबावर सायकल घेऊ नये. आजचे बहुतेक चांगले एअर चिमटे खाली दीड इंच रुंद होणाऱ्या नळीचे आणि १५ मिमीच्या आरपार एक्सलचे येतात. सरळ, अरुंद हेडट्यूबमध्ये ते बसत नाहीत. हेडट्यूबचा आतला व्यास ४४ मिमी असेल तर वेगळा खालचा कप लावून बसवता येतात. बसले तरी पुढचं चाक ९ मिमीच्या क्विक रिलीजचं (हाताच्या खटक्याने सुटणारं) असल्याने हब किंवा चाक नवं लागतं. चिमटा आणि चाक मिळून खर्च सायकलच्या निम्म्या किमतीला भिडतो. तरीही बदलायची शक्यता उघडी ठेवायची असेल तर दुसरीची हेडट्यूब त्या बाजूने मत देते.

आणि पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन, तेही वीस-पंचवीस हजारांत? नको. मागचा शॉक नुसती स्प्रिंग असतो, सांध्यांत बुश (छर्ऱ्यांऐवजी साध्या कड्या) असतात, ते लवकर खिळखिळे होतात आणि पायडलची बरीच ताकद हेलकाव्यात जाते.

चाकं आणि टायर

रिम दुहेरी भिंतीची हवी. काळ्या मातीत चालवणार असाल तर मागच्या टायर आणि फ्रेमच्या नळ्यांमधली जागा बोटाने मोजा. दोन्ही बाजूंना करंगळीही शिरत नसेल तर चिखल तिथेच घट्ट बसेल. एकोणतीस इंची चाक खड्ड्यांवरून सहज लोळतं आणि उंच माणसाला शोभतं. १६० सेंटिमीटरच्या आतल्या उंचीला साडेसत्तावीसच बरं. २९ ची ट्यूब मात्र लहान गावात मिळेलच असं नाही, दोन जवळ बाळगा.

टायरमधली हवा इथे सांगायलाच हवी, कारण निम्म्या तक्रारी तिच्यामुळे होतात. दुकानातून सायकल टणक टायर घेऊन येते आणि मुरुमावर घसरते, मग दोष सायकलला दिला जातो. ७० किलोंच्या माणसाला २.२ इंची टायर आणि ट्यूब असेल तर टेकडीवर मागे ३० ते ३२ पीएसआय, पुढे दोन-तीन कमी. डांबरावर ४०. टायरच्या बाजूवर छापलेली किमान-कमाल मर्यादा मात्र ओलांडू नका. फारच कमी ठेवली की दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटून साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन छिद्रं पडतात. या किमतीत व्हॉल्व्ह बहुतेक मोटरसायकलसारखाच असतो, पेट्रोल पंपावर हवा भरता येते. पण तिथल्या कॉम्प्रेसरने ती क्षणात जास्त होते, म्हणून गेज असलेला हातपंप घ्या.

दुकानातली पंधरा मिनिटं

सायकल जुळवून झाल्यावरच चालवायला मागा, आणि दोन्हींची सीट तुमच्या मापावर, हवा सारखी करून घ्या. नाहीतर तुलना टायरच्या हवेची होते.

आधी उभ्या उभ्या बघा. चिमटा उलटा बसवलेला नाही ना? घाईच्या जुळणीत हे खरंच घडतं. पुढच्या चाकाची ब्रेकची डिस्क चालवणाऱ्याच्या डाव्या बाजूला असायला हवी. प्रत्येक चाक उचलून फिरवा आणि ब्रेक पॅड किंवा फ्रेमजवळ नजर ठेवा. चाक दोन मिमीपेक्षा जास्त डुलत असेल तर तिथेच सरळ करून घ्या. स्पोक जोडीजोडीने दाबत जा, एखादी जोडी ढिली लागली तर सांगा. चाक वरून धरून आडवं हलवा, खटखट झाली तर हबमध्ये प्ले (ढिलेपणा) आहे. क्रँकचे दोन्ही हात धरून आडवे हलवा, तीच परीक्षा.

पुढचा ब्रेक धरून सायकल पुढेमागे ढकला. खटका जाणवला तर तो कुठला हे शोधा. डाव्या हाताची बोटं हेडट्यूबच्या खालच्या कपाला आणि चिमट्याच्या माथ्याला एकत्र लावा. तिथे हालचाल जाणवली तर हेडसेट (हेडट्यूबमधले छर्रे आणि कप) ढिला आहे, दोन मिनिटांचं काम. ती चिमट्याच्या रबरी सीलपाशी जाणवली तर बुशमध्ये प्ले आहे. स्वस्त चिमट्यात थोडा असतोच, नव्यात जास्त असेल तर ती सायकल नको.

मग चालवा. उभे राहून चढावर किंवा निदान पार्किंगच्या रॅम्पवर गिअर बदला. सपाटीवर सगळ्याच सायकलींचे गिअर छान पडतात. सगळ्यात हलक्या गिअरवर जाताना चेन स्पोकमध्ये उडी मारत नाही ना ते बघा. हात सोडून नव्हे, पण हँडल सैल धरून सरळ जा. एका बाजूला ओढत असेल तर चाक तिरकं बसलंय किंवा फ्रेम वाकडी आहे. शेवटी पायऱ्यांच्या एका टप्प्यावरून सावकाश उतरून चेन नळीवर किती आपटते ते ऐका.

मग या दोघींतून कोणती?

टेकडी, मुरूम, घाटाचा उतार आणि जवळ शहर असेल तर दुसरी. तिच्यातल्या उणिवा, म्हणजे टायर, पायडल, सीट, वर्षभरात थोडेथोडे पैसे घालून भरून निघतात. पहिला खर्च टायरवर करा, पुढचा आधी. पुढच्या टायरची पकड गेली की माणूस पडतो, मागच्याची गेली तर बहुधा सावरतो.

गावात राहत असाल, सायकल पांदण आणि डांबरावरच जाणार असेल, वजन साठ-पासष्टच्या आत असेल आणि दुरुस्तीला एकच साधं दुकान असेल, तर पहिली घ्या आणि ३४ दातांचं फ्रीव्हील बसवून घ्या. सात गिअरची चेन, फ्रीव्हील, वायर आणि पॅड तिथे मिळतात. हायड्रॉलिकचं तेल संपलं म्हणून महिनाभर भिंतीला टेकलेली सायकल कुणाच्याच कामाची नाही.

दुसरीचं तुमच्या मापाचं मॉडेल शिल्लक नसेल आणि पहिलीचं असेल, तर एकतर थांबा किंवा पहिली घ्या. चुकीच्या मापाची चांगली सायकल घेऊ नका.

बजेट ३५ हजार असेल तर सायकल ३० ची बघा. हेल्मेट, पंप, कुलूप, पुढचा-मागचा दिवा, पंक्चरचं सामान, ४-५-६ मिमीच्या एलन की असलेलं मल्टीटूल यांत चार-पाच हजार जातात. शिवाय त्या मॉडेलचा एक जादा हँगर सायकल घेतानाच मागून घ्या. प्रत्येक मॉडेलचा आकार वेगळा असतो आणि दोन वर्षांनी तो शोधत फिरावं लागतं. पावतीवर फ्रेम नंबर लिहून घ्या. सायकलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, जुन्या साठ्यावरचं लेबल बघताना हे लक्षात ठेवून भाव करा.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सायकल परत दुकानात न्या, मोफत सर्व्हिस त्यासाठीच असते. गिअरच्या वायरी बसून सैल होतात, स्पोक बसतात, हेडसेट सैल होतो. सगळ्यात महत्त्वाचे क्रँकचे बोल्ट. क्रँकचं भोक चौकोनी असेल तर ८ मिमीच्या एलन कीने ३५ ते ४० न्यूटन-मीटरपर्यंत घट्ट हवेत. साध्या भाषेत, लांब दांड्याच्या कीवर चांगला जोर देऊन. डावा क्रँक कुरकुरायला लागला आणि तसाच दोन-चार फेऱ्या चालवला, तर अ‍ॅल्युमिनियमचं ते चौकोनी भोक गोल होतं. मग कितीही आवळला तरी तो पुन्हा बसत नाही, नवा क्रँकच घ्यावा लागतो. तेव्हा पहिली कुरकुर ऐकली की तिथेच उतरा आणि बोल्ट आवळा.